जीभ दाखवा, पाळकसाहेब

रविवारची उपासना संपली की आमचे पाळक चर्चच्या दारात उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाशी हात मिळवत. आम्ही मान खाली घालून 'सलाम, पाळकसाहेब' म्हणायचो आणि पुढं सरकायचो. मार्थाआक्का मात्र हात मिळवत नसत. त्या पाळकांच्या पुढ्यात छत्री टेकवून उभ्या राहत आणि म्हणत, "जीभ दाखवा."

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा उडालोच. नवे पाळक नुकतेच सांगलीत आले होते. शमुवेल गायकवाड त्यांचं नाव, माणूस साताऱ्याकडचा, तिशीही न ओलांडलेला, बोलायला मऊ. त्यांचा तो पहिलाच रविवार. मी शाळामास्तर आणि मंडळीचा चिटणीस, म्हणून त्यांच्या शेजारी उभा राहून एकेकाची ओळख करून देत होतो. आक्का आल्या, मी त्यांचं नाव सांगायला तोंड उघडलं आणि त्याआधीच त्यांनी जीभ मागितली. पाळकांनी माझ्याकडं बघितलं. मी बुटांकडं बघितलं. शेवटी त्या बिचाऱ्यांनी चर्चच्या दारात, दोनशे माणसांसमोर जीभ बाहेर काढली. आक्कांनी मान तिरकी करून पाहिलं, "हं. पानी जास्त प्या," म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

पंचांचे प्रमुख दाविदराव माझ्या मागं होते. गुळाच्या अडतीवर त्यांनी सारा जन्म तोलाईचं काम केलं होतं, ढेप नुसती उचलून वजन सांगायचे. ते माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "मास्तर, आता ह्यो पाळक काय टिकत न्हाई."

आता तुम्हाला वाटेल की आक्का नर्स असतील, निदान सुईण तरी. तसलं काही नव्हतं. एका दवाखान्यात धुवून आलेल्या चादरी मोजायच्या आणि वॉर्डात पोचवायच्या, एवढंच काम त्यांनी उभी हयात केलं. मोठे डॉक्टर सकाळी फेरीला आले की खाटेखाटेपाशी 'जीभ दाखवा' म्हणायचे, ते चादरींच्या गठ्ठ्यामागून आक्का ऐकायच्या. नोकरी संपली, नवे पाळक यायच्या थोडं आधी त्या सांगलीला राहायला आल्या, येताना ते दोन शब्द घेऊन आल्या. त्यांची औषधंही ठरलेली. पाणी जास्त प्या, झोप घ्या, चार घास आणखी खावा. चौथं औषध मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

चमत्कारिक गोष्ट पुढंच आहे. ही तपासणी फक्त पाळकांची व्हायची. एकदा मला चांगला ताप भरला होता, तोंड कडू झालं होतं. वाटेत आक्का भेटल्या. म्हटलं, आयतीच गाठ पडली आहे. मी आपण होऊन जीभ काढली. आक्का दचकून मागं सरल्या. "आत घ्या ती. डाक्टरकडं जावा," म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी भर रस्त्यात तसाच उभा.

पाळक टिकले. हळूहळू त्यांना सवय झाली. दारात आक्का दिसल्या की ते स्वतःच जीभ काढू लागले. आम्हाला मात्र कधी सवय झाली नाही, कारण आक्का दर वेळी नवा धक्का द्यायच्या.

पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. पाळक पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावर, प्रार्थना करत होते, सगळ्यांचे डोळे मिटलेले, राज्यासाठी, राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी एकेक मागणं चाललेलं. पाळकांना दोन वेळा खोकला आला. तिसऱ्या खोकल्यानंतर त्यांचा आवाज एकदम घुसमटला. मी चिटणीस, म्हणून जबाबदारीनं एक डोळा उघडला. आक्का पुलपिटावर होत्या. पाळकांच्या मागं उभ्या राहून त्या स्वतःचा मफलर त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळत होत्या, शाळेत जाणाऱ्या पोराला आई गुंडाळते तसा. पाळकांनी डोळे उघडले नाहीत. आजाऱ्यांपासून ते पुढं अनाथांवर गेले. गाठ मारून झाल्यावर आक्कांनी मागची खिडकी धाडकन लावली आणि जागेवर येऊन बसल्या. 'आमेन' म्हणून सगळ्यांनी डोळे उघडले, तर पुलपिटावर तपकिरी मफलर घातलेले पाळक. दाविदरावांनी पुढचं गीत चुकीच्या सुरात धरलं आणि कुणी दुरुस्तही केलं नाही.

मफलरचा एवढा धसका का, हे कळायला आमच्या मंडळीची रीत माहीत हवी. पाळकांचा मान ठेवण्यात आम्ही कुणाला हार जाणारे नव्हतो. पाळक आले की उठून उभं राहायचं. ते बसलेल्या बाकावर बसायचं नाही. त्यांच्याकडं पाठ करायची नाही, त्यामुळं त्यांच्या व्हरांड्यातून आम्ही मागं मागं चालत उतरायचो आणि दोघंतिघं फुलझाडांच्या आळ्यात पडलेही होते. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे पाळकांच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही. वांगी असोत, अंडी असोत, नदीकाठच्या मळ्यातली काकडी असो, हातात काहीतरी हवंच. ते दारात पाळकीणबाईंच्या हाती द्यायचं, सलाम करायचा आणि फिरायचं. 'आत या, बसा' असं त्या म्हणायच्या, पण आत जाऊन बसणं म्हणजे बरोबरी करणं. तेवढी पायरी आम्ही ओळखून होतो.

आक्कांना पायरी ठाऊक नव्हती. त्या चर्चच्या आवारातल्या पाळकांच्या घरी रोज संध्याकाळी जायच्या, हात हलवत. व्हरांड्यात पाळकांची वेताची खुर्ची होती, तिच्यात बसायच्या, चपला काढून पाय वर घ्यायच्या आणि आत हाक मारायच्या, "वयनी, च्या टाका." पाळक बाहेरून आले तर त्यांना स्टुलावर बसावं लागे. हे मी कुंपणाबाहेरून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं, तर तिनं कानांवर हात ठेवले.

पहिलं वर्ष तरी बरं गेलं. दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. तेव्हा रेशनवर ती लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, आली, आठवत असेल ज्यांनी खाल्ली त्यांना. भाकरी थापली तर थापली जायची नाही आणि खाल्ली तर उतरायची नाही. साखर मिळेल तेव्हा मिळायची. घराघरांत गुळाचा काळा चहा आला. आता पाळकांच्या घरी नेणार काय? मिलो? पाळकांच्या हाती लाल मिलो ठेवायची म्हणजे त्यांचा अपमान. आणि रिकामं जाणं तर त्याहून वाईट. म्हणून जाणंच बंद झालं. आधी एक जण थांबला, मग दुसरा. नाताळ आला तेव्हासुद्धा सगळे चर्चमध्येच भेटून घरी गेले. कुणी कुणाशी बोललं नाही, पण प्रत्येकाला वाटलं की आपण पाळकांचा मान राखतोय.

आणि अशा दिवसांत मार्थाआक्का रोज त्यांच्या घरचा चहा पीत होत्या. मंडळीत कुजबुज वाढली. दाविदराव म्हणाले, बाई पाळकाच्या तोंडचा घास खातीया. पंच बसले आणि आक्कांना समज द्यायचं काम माझ्यावर आलं.

मी त्यांना चर्चच्या फाटकापाशी गाठलं. बराच वेळ हवापाण्याचं बोललो. मग टंचाईचे दिवस आहेत, पाळकांच्या घरची परिस्थिती, लोक काय म्हणतात, असं आडवळणानं सांगितलं. आक्का छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढत ऐकत होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुमी कवा गेलावता त्यांच्या घरी?"

मी म्हटलं, रिकाम्या हातानं कसं जायचं?

"मग हात घरी ठिवून जावा," आक्का म्हणाल्या. "मान्सानं जायचं असतंय. हात न्हाई गेलं तरी चालतंय."

मी पंचांना जाऊन सांगितलं की बाई ऐकण्यातली नाही. खरं तर मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ लागला नव्हता.

मग कापणीचा सण आला. एरवी त्या दिवशी पुलपिटासमोर धान्याची रास पडायची, कोंबड्या कलकलायच्या, हळकुंडांचा वास चर्चभर असायचा. त्या वर्षी चार भोपळे, थोडी ज्वारी आणि एक मरगळलेला कोंबडा. पाळकांनी उपदेश नेहमीसारखा केला. पवित्र शास्त्र मिटलं. आशीर्वादासाठी हात वर करतील म्हणून आम्ही उठून उभे राहिलो. त्यांनी हात वर केले नाहीत.

"मंडळी, माझी बदली फलटणला होते आहे," ते म्हणाले. "मीच मागून घेतली. पुढच्या रविवारी मी इथं नसेन. माझ्याकडून काय चुकलं ते मला कळलं नाही, पण काहीतरी चुकलं असणार. नाताळाच्या दिवशीसुद्धा, एक आक्का सोडल्या तर, आमच्या घराची पायरी कुणी चढलं नाही. तुमचा राग मी समजू शकतो. मनात ठेवू नका."

राग? कुणाचा राग? मी आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यांचे चेहरे पांढरे पडलेले. बायकांच्या बाजूला पाळकीणबाई खाली बघत उभ्या होत्या. शेवटी दाविदराव बोलले. "साहेब, आमी रागानं न्हाई, मानानं आलो न्हाई. हातात काय न्हवतं."

पाळक त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांना ते समजत नव्हतं आणि मला पहिल्यांदाच वाटलं की समजण्यासारखं त्यात काही नाहीच. कुणीच घरी येत नाही आणि त्याला मान म्हणायचं, हे त्या माणसाला कसं कळावं?

तेवढ्यात फरशीवर छत्री आपटली. मार्थाआक्का बाकांमधून बाहेर आल्या होत्या.

"आशीर्वाद मागनं द्या," त्या पाळकांना म्हणाल्या. "आदी समदी घरी चला. तुमच्या."

आणि त्या मधल्या वाटेनं सरळ बाहेर चालू लागल्या. उपासना अर्धी टाकून कुणी उठून जाणं हे आमच्या मंडळीत कधी घडलं नव्हतं. पण त्यांच्या मागून आधी माझी बायको निघाली, मग आणखी दोघी, मग सगळेच. पाळक पुलपिटावर एकटे उरले. शेवटी तेही आमच्या मागून आले, स्वतःच्या घरी पाहुण्यासारखे.

पाळकांच्या घराच्या फाटकात आक्का आडव्या उभ्या होत्या. आत जाणाऱ्या प्रत्येकाला त्या हात दाखवायला लावत होत्या. दोन्ही पंजे उघडून दाखवायचे, रिकामे असले तर आत. माझे पाहिले आणि मला सोडलं. माझ्या मागं दाविदराव. त्यांना राहवलं नव्हतं. निघताना त्यांनी पुलपिटासमोरचा एक भोपळा उचलून काखेत मारला होता.

"खाली ठिवा," आक्का म्हणाल्या.

"आवं आक्का, देवाचाच हाय. पाळकाच्या दारात मोकळं कसं जाऊ?"

"खाली ठिवा म्हनती न्हवं!" आक्का एवढ्या जोरात ओरडल्या की आम्ही जागच्या जागी थबकलो. त्यांचा चेहरा लाल झाला होता. एका भोपळ्यासाठी एवढा संताप कशाला, ते कुणालाच समजलं नाही. पंचांच्या प्रमुखांनी भोपळा फाटकाबाहेर धुळीत ठेवला, हात झटकून दाखवले आणि आत आले.

पुढचा तास मी आयुष्यात विसरणार नाही. घर दोन खोल्यांचं. माणसं जमिनीवर, पायऱ्यांवर, व्हरांड्याच्या कट्ट्यावर बसली. पाळकीणबाईंनी मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं, गूळ घातला, दूध नव्हतंच. कप सहा होते. मग वाट्या निघाल्या, पेले निघाले, तांब्याही निघाला. दाविदराव आमटीच्या वाटीतून काळा चहा फुंकून पीत होते आणि त्यांच्या मिशा ओल्या झाल्या होत्या, चहानं की कशानं ते मी विचारलं नाही. पाळकीणबाई चुलीपाशी हसत होत्या आणि पदरानं डोळे पुसत होत्या. धूर झाला होता, असं त्या म्हणाल्या. वेताच्या खुर्चीत पाळक बसले होते, कारण आक्कांनी त्यांना तिथं बसवलं होतं, आणि माणसं त्यांना घरातलं काहीबाही सांगत होती, शास्त्रातलं नाही. कुणाची म्हैस, कुणाची सून. त्यांनी आशीर्वाद तिथंच दिला, हातात वाटी धरून.

दुसऱ्याच दिवशी पाळक स्वतः वरिष्ठांकडं जाऊन बदली नको म्हणून सांगून आले. गाडीला चढताना त्यांच्या गळ्यात तपकिरी मफलर होता.

त्याच दिवशी दुपारी शाळा सुटल्यावर मी आक्कांच्या खोलीवर गेलो. नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर चाळीत एक खोली होती. दोन वर्षांवर ओळख, पण मी कधी तिथं गेलो नव्हतो. मुद्दाम हात हलवत गेलो. कडी वाजवल्यावर आक्कांनी दार उघडलं आणि नुसत्या बघत राहिल्या. "काय झालं? पाळकास्नी काय झालं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, चहाला आलोय. त्यांना ते दोनदा सांगावं लागलं.

मग त्यांची एकच धांदल उडाली. सतरंजी झटकली, ती पुन्हा झटकली, स्टोव्ह पेटेना. चहा झाल्यावर मी भोपळ्याचं विचारलं.

आक्कांनी स्टोव्ह बारीक केला. मग सांगू लागल्या. त्यांचे यजमान कडेगावच्या बाजूला उपदेशक होते, खेड्यांतून पायी फिरायचे. लोक त्यांना फार मानायचे. आक्का दवाखान्यात चादरींच्या कामाला, सुट्टी मिळेल तेव्हा घरी जायच्या. दारात कधी भोपळा असायचा, कधी बाजरीची टोपली, कधी शेंगा.

"लय मान हुता त्यास्नी," आक्का म्हणाल्या. "रोज दारात कायबाय असायचं. मानूस नसायचं. ठिवायची आन् जायाची. ह्ये सांजचं उंबऱ्यावर बसायचं, कोन बसाया येतंय का बघत. मला म्हनले, मार्था, आज भोपळा आलाय, त्याच्याशीच बोलतो. मी हसले. थट्टा करत्यात वाटलं. थकत चालले हुते, माज्या ध्यानातच आलं न्हाई. मातीला समदा मुलूख आलता."

स्टोव्ह फुरफुरत होता. मी विचारलं, जिभेवरून तुम्हाला नेमकं कळतं तरी काय?

"जिभंतलं मला काय कळतंय?" आक्का म्हणाल्या. "मी डोळं बगती, मास्तर. पाळकाला कसं हाय इचारलं तर देवाची किरपा म्हनतोय आन् हसतोय. तेवढं शिकीवलेलंच असतंय त्यास्नी. पर जीभ काडली की त्येचं समदं ध्यान जिभंकडं जातंय. डोळं झाकायचं ऱ्हाऊन जातंय. मग दिसतंय."

मी कप खाली ठेवला. पाळकांच्या पाठीशी पंच होते, मंडळी होती, आता घर भरून माणसंही होती. या बाईच्या उंबऱ्याला मात्र माझ्याआधी कधी कोण आलं असेल, हा विचार माझ्या मनातून जाईना. मी निघायला उठलो. त्या दारापर्यंत आल्या आणि नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाल्या, बरं झालं आलात, माझं चांगलं चाललंय, देवाची कृपा आहे. आणि हसल्या.

"आक्का," मी म्हटलं, "जीभ दाखवा."

त्या चपापल्या. छत्री शोधल्यासारखा त्यांचा हात भिंतीकडं गेला. मला वाटलं, आता ओरडतील. पण त्यांनी हात खाली घेतला, लहान मुलीसारखी मान वर केली आणि जीभ बाहेर काढली.

मी जिभेकडं बघितलं नाही. परत आत गेलो, सतरंजीवर बसलो आणि म्हटलं, आणखी अर्धा कप टाका.